कागद पुतण्याच्या खिशात राहिला : डोक्याला मार लागलेल्या एका रुग्णाच्या दोन डिस्चार्जचा प्रकरण अभ्यास

यातला पहिला डिस्चार्ज मी केला. सही माझी, वेळ रात्री ८.५०, दिवस तान्ह्या पोळ्याचा. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, चुका बदललेल्या नाहीत.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी मारबत (ईडा-पीडेचे मोठाले पुतळे) निघते. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीनं महाल-इतवारी दणाणून जातं आणि संध्याकाळी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात. कॅज्युअल्टीत बसणाऱ्यांच्या लेखी या दिवसाची ओळख निराळी आहे. रस्ते वळवलेले, त्यात पावसाचा चिखल, एकेका गाडीवर तिघं-तिघं आणि दुपार टळली की दारूचा वास. आमचं रुग्णालय शहराच्या दक्षिण बाजूला, मध्यम आकाराचं. सीटी मशीन आहे, न्यूरोसर्जन बोलावले की येतात. त्या संध्याकाळी ड्युटीवर मी, एक ज्युनियर डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय), एवढेच होतो.

पहिली भेट

पुतण्यानं काकाजींना हाताला धरून आणलं तेव्हा साडेसात होऊन गेले होते. काकाजी स्वतःच्या पायांनी चालत आले, खुर्चीत बसले. उजव्या कानाच्या वर रुमाल दाबून धरलेला. बोलत पुतण्याच होता. "काही नाही मॅडम, घरी गेटपाशी पाय घसरला यांचा. थोडंसंच लागलं. दोन टाके मारून द्या, निघतो आम्ही." काकाजींना नाव विचारलं, सांगितलं. आज काय आहे म्हटलं तर हसून म्हणाले, "मारबत."

ते उत्तर मला इतकं आवडलं की पुढचे दोन-तीन प्रश्न मी मनातल्या मनातच सोडवून टाकले.

शेजारच्या बेडवर पंचविशीतला एक मुलगा होता. प्यालेला, कपाळावर टेंगूळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या. त्याचा जीसीएस, म्हणजे शुद्धी मोजायच्या पट्टीवरचा आकडा, १५ पैकी १४. डोक्याला मार लागलेल्या माणसाची गुंगी दारूच्या खात्यावर टाकायची नाही, हे शिकताना आमच्या पिढीनं पुरेसे चटके खाल्ले आहेत, म्हणून त्याला मी ताबडतोब सीटीला पाठवलं आणि माझा एक डोळा सतत त्याच्यावर होता. त्याचा सीटी नॉर्मल आला.

काकाजींच्या केसपेपरवर माझ्या अक्षरात एवढं आहे : पुरुष, ६० वर्षं. घराच्या गेटपाशी पाय घसरून पडले. बेशुद्धी नाही, उलटी नाही. बीपीची गोळी चालू. जीसीएस १५, दोन्ही बाहुल्या सारख्या, हातापायांत ताकद ठीक, नाका-कानातून रक्त किंवा पाणी नाही. उजव्या बाजूला कानाच्या वर चार सेंटिमीटरची जखम.

जखम सलाइननं धुताना तिच्यातून गिट्टीची काळी चुरी निघाली. चिमट्यानं कण न् कण काढला, ट्रेमध्ये टाकला. चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन (टीटी) दिलं, दुखतंय म्हणाले म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि त्याच्याच पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. घराच्या गेटपाशी डांबरातली गिट्टी कुठून आली, हा प्रश्न माझ्या हातात चिमटा असतानाही मला पडला नाही.

पुतण्यानं एकदा विचारलं होतं, "सीटी लागते का मॅडम?" त्याच्या आवाजात भीतीपेक्षा हिशेब जास्त होता. त्यात वावगं काही नाही, पैसे खिशातूनच जाणार होते. मी म्हटलं, "आत्ता तशी गरज वाटत नाही. त्रास झाला तर लगेच या." डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलं : 'हेड इंज्युरी ॲडव्हाइस एक्सप्लेन्ड. एसओएस रिव्ह्यू.' म्हणजे डोक्याच्या माराच्या सूचना समजावल्या, गरज पडली तर पुन्हा दाखवा. पुतण्यानं कार्डाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली. या सूचनांना सगळं मिळून चार मिनिटं. टाक्यांना वीस लागली होती.

जे केसपेपरवर आलं नाही

तिसऱ्या दिवशी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर तो पुतण्या माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ मोबाइलशी चाळा करत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, काकाजी गेटपाशी नव्हते पडले."

ते स्कूटरवर मागे बसले होते. महालातून घरी परतताना मानेवाडा चौकाच्या अलीकडे गतिरोधकानंतर पसरलेल्या बारीक गिट्टीवरून गाडी घसरली आणि काकाजींचं डोकं दुभाजकाच्या कठड्यावर आदळलं. हेल्मेट नव्हतं. तेव्हा साधारण ७.१० झाले असतील. "दोन-तीन हाका मारल्या मी, बोललेच नाही. मिनिटभर असंन. मंग उठून बसले." पानठेल्यावाल्यानं पाणी दिलं, ते प्याल्यावर उलटी झाली. "उलटी म्हणजे, चहाच पडला फक्त." मग हे सगळं आधी का सांगितलं नाही? गाडीचा विमा संपला होता. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होईल, पोलीस येतील, कागद मागतील, म्हणून काकाजींना वाटेतच पढवून ठेवलं होतं की गेटपाशी पडलो म्हणायचं. काकाजींनाही ते पटलं, कारण घसरल्यापासून पानठेल्यावर बसेपर्यंतचं त्यांना स्वतःला काहीच आठवत नव्हतं. माणसाला आठवण नसली की सांगितलेली गोष्टच त्याची होते.

राग त्या मुलाचा आला नाही, स्वतःचा आला. त्यानं गोष्ट बदलली, पण गिट्टी काही त्यानं लपवली नव्हती. गुडघ्याशी फाटलेला पायजमाही मी पाहिला होता.

वयाचं प्रकरण आणखी साधं. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर पुतण्या म्हणाला, "साठ लिहा." आपल्याकडे वय असंच सांगतात, पाचाच्या नाहीतर दहाच्या पाढ्यात. आधार कार्डावरचं वय ६७ निघालं. आणि 'बीपीची गोळी' म्हणजे एक कॅप्सूल होती, जिच्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन्ही औषधं. चौदा महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसला होता. घरात बीपी हृदयाच्याच खात्यात मोडतं, त्यामुळे हृदयाची म्हणून जी काही गोळी असेल ती बीपीची. या दोन बाबतींत खोटं कोणीच बोललं नव्हतं.

आता या चार गोष्टी नियमाशेजारी ठेवून बघू. डोक्याच्या किरकोळ दुखापतीत सीटी कोणाचा करायचा, यासाठी जगभर वापरला जाणारा कॅनेडियन सीटी हेड रूल इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. जीसीएस १३ ते १५ आहे आणि मार लागल्यावर शुद्ध गेली, आठवण पुसली किंवा माणूस गोंधळला, अशांसाठी तो आहे. वय ६५ किंवा जास्त, दोन किंवा अधिक उलट्या, कवटी खचल्याचा किंवा तळाशी मोडल्याचा संशय, दुखापतीनंतर दोन तासांनीही जीसीएस १५ वर न येणं, यातलं एकही असेल तर सीटी करायचा. काकाजींची मिनिटभराची बेशुद्धी आणि ६७ वय, एवढ्यावरच निर्णय झाला असता. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आणखी एक पाऊल पुढे जातात. दुसरं कुठलंही लक्षण नसलं तरी माणूस वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं किंवा नुसतं ॲस्पिरिन सोडून प्लेटलेट्सवर (रक्त गोठवणाऱ्या पेशींवर) काम करणारं औषध घेत असेल, तर दुखापतीपासून आठ तासांच्या आत सीटीचा विचार करा, असं त्या सांगतात. म्हणजे पुतण्याची गोष्ट खरी धरून, वय साठच धरून, बेशुद्धी नाहीच धरूनसुद्धा, नुसती गोळीची पट्टी कोणी दाखवली असती तरी मी थांबले असते.

आणि त्या नियमातली 'दोन तासांनी' ही अट. मार ७.१० ला लागला, मी घरी सोडलं ८.५० ला. ज्या वेळचा जीसीएस बघायला नियम सांगतो, ती वेळ माझ्याकडे आलीच नव्हती. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगोत ही मोजपट्टी दिली ती शुद्धीतला चढउतार टिपता यावा म्हणून. आम्ही ती एकदा लावतो, १५ लिहितो आणि तो आकडा प्रमाणपत्रासारखा वापरतो. निरीक्षणासाठी ठेवलेल्या रुग्णाचा जीसीएस १५ झाल्यावर नाइसचा क्रम असा आहे : दोन तास दर अर्ध्या तासाला, पुढचे चार तास दर तासाला, त्यानंतर दर दोन तासांनी. काकाजींची एकच नोंद आहे, ७.५० ची.

'वाहनातून बाहेर फेकला गेलेला' हा धोकादायक अपघात, असं या नियमांत म्हटलेलं असतं. स्कूटरवर मागे बसलेला बिनहेल्मेट माणूस त्यात बसवायचा की नाही, हे नियम लिहिणाऱ्यांना ठरवावं लागलं नसेल. मी तो बसवते. दुभाजकाला वेगाचं कारण कळत नाही.

पहाटेचा नळ

पुतण्यानं काकाजींना घरी सोडलं, काकूंना म्हणाला, "चार टाके आहेत, बाकी काही नाही, या गोळ्या जेवल्यावर द्या." आणि तो कामठीला आपल्या घरी निघून गेला. डिस्चार्ज कार्ड त्याच्या खिशातच राहिलं, दुसऱ्या दिवशी धुण्यात सापडलं. ते काकूंच्या हाती पडलं असतं तरी इंग्रजीतल्या त्या दोन ओळींचा त्यांना काय उपयोग होता? मुलगा पुण्यात नोकरीला. घरात ही दोघंच.

काकूंना एक गोष्ट त्यांच्या आईनं सांगितलेली पक्की माहीत होती : डोक्याला मार लागला की झोपू द्यायचं नाही. म्हणून त्यांनी काकाजींना बारापर्यंत टीव्हीसमोर बसवून ठेवलं. बारा वाजले, धोका टळला असं समजून त्यांनी काकाजींना झोपू दिलं आणि मग सकाळपर्यंत हात लावला नाही. झोपेत काकाजी जोरात घोरत होते. दमले असतील, असं वाटलं.

या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणूनच ती मोडायला अवघड जाते. झोपेनं रक्तस्राव वाढत नाही. पण झोप आणि गुंगी लांबून सारखीच दिसतात, आणि जागं ठेवण्यानं फरक कळत नाही, उठवून पाहण्यानं कळतो. काकूंनी मेहनत घेतली होती, पण नेमकी उलट्या टोकाकडून.

पहाटे पाचला त्या गल्लीत नळ येतो. बादल्या लावायचं काम काकाजींचं, लग्नापासून. त्या दिवशी ते उठले नाहीत. काकूंनीच पाणी भरलं. साडेसातला उठवलं तेव्हा चहा समोर ठेवला तर कप डाव्या हातातून निसटला आणि काकूंना ते आपल्या मोठ्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. मुलाला व्हिडिओ कॉल लावला, तर त्याला पुण्याहून पडद्यावर दिसलं की बाबांचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटतंय. शेजाऱ्यानं ऑटोत घालून आणलं तेव्हा ९.४० झाले होते. १०८ ला फोन करायचं कोणाला सुचलं नाही, कारण 'त्रास झाला तर या' म्हणताना कशात या, हे मी सांगितलं नव्हतं.

माझी ड्युटी आठला संपली होती, पण त्या दिवशी मी अजून चार्ट पूर्ण करत बसले होते. स्ट्रेचरवर मला माझेच चार टाके दिसले.

जीसीएस १३. हाक मारल्यावर डोळे उघडत होते, बोलणं असंबद्ध, सांगितलं तेवढं करत होते. डावा हात वर धरायला सांगितला तर हळूहळू खाली यायचा. सीटीत उजव्या बाजूला सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालचा, रक्तस्राव, जाडी नऊ मिलिमीटर, मेंदूची मधली रेषा चार मिलिमीटर सरकलेली. अशा ताज्या सबड्युरलची जाडी दहा मिलिमीटरपेक्षा किंवा रेषेचं सरकणं पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असलं तर शस्त्रक्रिया, अशी ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतली रेघ आहे. काकाजी त्या रेघेच्या अलीकडे, पण अगदी खेटून. न्यूरोसर्जननी थिएटर तयार ठेवून आयसीयूत ठेवायचं ठरवलं. सहा तासांनी पुन्हा सीटी, वाढ नाही. थिएटर लागलं नाही.

आम्हा सगळ्यांना कॉलेजात शिकवलेला 'ल्युसिड इंटरव्हल', म्हणजे मधला शुद्धीचा काळ, हा तरुणाच्या एक्स्ट्राड्युरलचा, आवरणाबाहेरच्या रक्तस्रावाचा : कानशिलाचं हाड मोडतं, आतली धमनी फाटते, माणूस मधे तासभर चांगला बोलतो आणि मग कोसळतो. साठीनंतरचा प्रकार संथ असतो. मेंदू थोडा आकसलेला, त्याच्या आणि आवरणाच्या मधल्या शिरा ताणलेल्या. फाटते ती शीर, म्हणून रक्त झिरपत राहतं आणि कवटीत जागा मोकळी असल्यामुळे बराच वेळ कुठलंही लक्षण दिसत नाही. त्यावर प्लेटलेट्सना दोन बाजूंनी बांधून टाकणारी कॅप्सूल, आणि त्याच कामात भर घालणारं माझं डायक्लोफिनॅक. त्या इंजेक्शननं नेमकं किती नुकसान केलं हे मोजता येणार नाही. नुसत्या पॅरासिटामॉलवर भागलं असतं, एवढं खरं.

दुसरा डिस्चार्ज

काकाजी आठव्या दिवशी घरी गेले. वॉर्डातून सुट्टी देणं माझं काम नव्हतं, पण मी न्यूरोसर्जनना विचारून ते मागून घेतलं. पंचवीस मिनिटं लागली.

कॅप्सूलचा प्रश्न आधी सोडवलेला होता. रक्त पातळ करणारं औषध डोक्यात रक्त साचलेलं असताना थांबवायचं, हे कोणीही सांगेल. पण स्टेंट असलेल्या माणसाचं ते औषध आपल्या मनानं थांबवणं म्हणजे डोकं वाचवायला जाऊन छाती उघडी टाकणं. हृदयरोगतज्ज्ञांनी कागद पाहिले तेव्हा कळलं की क्लोपिडोग्रेल वर्षभरच द्यायचं ठरलं होतं. ते संपायला हवं होतं दोन महिन्यांपूर्वी, पण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकल स्टोअरमधून दर महिन्याला तीच कॅप्सूल येत राहिली. ती कायमची बंद झाली. एकटं ॲस्पिरिन चार आठवड्यांनी, सीटी पुन्हा पाहून मगच सुरू करायचं ठरलं. फिट येऊ नये म्हणून सुरू केलेली गोळी सात दिवसांनी थांबवली होती.

मग मी काकूंना खुर्ची दिली. मुलगा पुण्याहून आलेला, तो उभा होता आणि कागद घ्यायला त्यानंच हात पुढे केला. मी कागद काकूंना दिला. मराठीत, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मावेल एवढा. तो आदल्या रात्री मी आणि आमच्या सिस्टरनी मिळून लिहिला होता. सिस्टरनी माझं 'शुद्धीत बदल जाणवल्यास' खोडलं आणि लिहिलं, 'हाक मारल्यावर नेहमीसारखे उठत नसतील तर'. माझं 'असंबद्ध बडबड' खोडून 'उलटसुलट बोलत असतील, माणसं ओळखत नसतील तर'. 'वारंवार वमन' वाचून तर ती हसलीच.

कागदावर शेवटी जे राहिलं ते असं : हाक मारून, हलवून नीट उठत नसतील, उलटसुलट बोलत असतील, दोनदा किंवा जास्त उलटी, डोकेदुखी गोळीनं कमी न होता वाढतच जात असेल, एखादा हात किंवा पाय लुळा वाटत असेल, तोंड वाकडं दिसत असेल, फिट, नाका-कानातून पाण्यासारखं काही येत असेल. यातलं एकही झालं तर १०८ ला फोन करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. त्याखाली कॅज्युअल्टीचा नंबर आणि एक ओळ सिस्टरनी हट्टानं घातलेली : 'उगाच आलो असं आम्ही म्हणणार नाही.'

मी वाचून दाखवलं नाही. काकूंना विचारलं, "काकू, घरी गेल्यावर काय काय बघाल?"

"जेवतात का, गोळ्या घेतात का."

"आणखी?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. "सकाळी नळाले उठतात का ते बघीन."

कागदावर ते नव्हतं. मी तिथेच पेननं लिहिलं : 'रोज जे करतात ते करतात का?'

त्यांच्यासाठी आणखी एक सांगायचं होतं, कारण या वयात रक्ताचा दुसरा हप्ता उशिरानं येऊ शकतो. साचलेलं रक्त आठवड्यांनी पातळ होऊन वाढतं, त्याला क्रॉनिक सबड्युरल म्हणतात. चालताना झोक जाणं, विसराळूपणा, कपडे घालताना गोंधळ. घरचे म्हणतात, आता वय झालं. म्हणून तीन आठवड्यांनी परत यायची तारीख लिहून दिली, आणि 'वय झालं' असं वाटलं तर तारखेची वाट न बघता या, असं तोंडी सांगितलं.

नंतर काय बदललं

मीटिंग झाली, ती सोडून देते. बदल छोटे आहेत आणि बहुतेक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतले आहेत.

'बेशुद्ध झाले होते का?' हा प्रश्न आता आम्ही पहिला विचारत नाही. लोकांच्या मनात बेशुद्ध म्हणजे तोंडाला फेस, तासन्‌तास पडून असलेला माणूस. रुग्णालाच म्हणतो, "सांगा बरं, पडल्यापासून इथे येईपर्यंत काय काय झालं? पाणी कोणी दिलं?" गोष्टीत जिथे भोक पडतं तिथे आठवण गेलेली असते. पानठेल्यावाल्याचं पाणी काकाजींच्या गोष्टीत नव्हतंच.

गोळ्यांसाठी, "हृदयात स्प्रिंग बसवली आहे का?" स्टेंट म्हटलं तर निम्मे मान हलवतात, स्प्रिंग म्हटलं की लगेच कळतं. शिवाय घरी फोन लावून पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो. दोन मिनिटांत येतो. वय आधारवरून, आणि आधार नसेल तर 'पहिला मुलगा केवढा' यावरून.

आणि एमएलसीची भीती. पुतण्याला बाजूला घेऊन विचारायचं, सगळ्यांसमोर नाही. "नोंद करणं माझं काम आहे, ती मी करीन. तुमच्या विम्याचं तुम्ही बघा. पण मार कसा लागला त्यावर यांचा इलाज ठरतो, तेवढं खरं सांगा." बहुतेक सांगतात. काही सांगत नाहीत, म्हणून जखमेतून काय निघालं ते आता केसपेपरवर लिहितो : गिट्टी, माती, रंग, काच. एकदा 'बाथरूममध्ये पडल्या' म्हणून आलेल्या बाईंच्या केसांत वाहनाच्या काचेचा चुरा सापडला.

घरी सोडायचा निर्णय आता घराकडे बघून होतो. रात्री सोबत कोण असणार, त्या माणसाशी मी बोलले का, नसेल तर फोनवर बोलता येईल का. एकटा राहणारा असेल तर सीटी नॉर्मल असला तरी रात्रभर ठेवतो. काटोल, उमरेड, रामटेककडचा असेल तर पहाटे तीनला पन्नास-साठ किलोमीटर कोण आणणार, हे विचारून मगच. यामुळे आमचे निरीक्षणाचे बेड भरलेले राहतात आणि मॅनेजमेंटकडून अधूनमधून विचारणा होते. त्यांचंही चूक नाही, माझ्याकडे द्यायला सोपं उत्तर नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारनं २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या कॅशलेस योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाची सोय आहे, पण ती योजनेत असलेल्या रुग्णालयांत आणि अपघाताची नोंद खरी झाली तर. म्हणजे 'गेटपाशी पडले' ही गोष्ट पैशांच्या दृष्टीनंही महागात पडते. हे वाक्य नातेवाइकांना लगेच पटतं, वैद्यकीय कारणांपेक्षा लवकर.

सकाळी नऊला सिस्टर आदल्या रात्री सोडलेल्यांना फोन लावतात. प्रश्न एकच, "आज उठून काय काय केलं त्यांनी?"

तीन आठवड्यांनी काकाजी दिलेल्या तारखेला आले. सीटीत रक्त विरघळत आलेलं, मधली रेषा जागेवर. डावा हात मजबूत, चहाचा कप निसटत नाही. एकच तक्रार होती, आणि ती त्यांनी काकूंसमोरच मांडली.

"मॅडम, हिले सांगा जरा. रोज रात्री दोनदा उठवते आन् मले माझंच नाव विचारते."

रात्री उठवायला मी सांगितलं नव्हतं, एवढ्या दिवसांनी त्याची गरजही नव्हती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मंग? त्या दिवशी नाही विचारलं होतं नं."